डिजिटल कॅमेरा : फोकस बिंदूची निवड

वाराणसीतील दशाश्वमेध घाटावर दररोज सायंकाळी होणारी गंगा आरती टिपण्यासाठी देशभरातून छायाचित्रकार येतात. छायाचित्रे पाहताना मात्र अनेकदा असे आढळते की, पुढे बसलेल्या प्रेक्षकाचे डोके सुस्पष्ट आहे आणि आरती करणारा अर्चक धूसर. हा दोष बहुधा भिंगाचा नसून फोकस बिंदूच्या निवडीचा असतो.

फोकस बिंदू म्हणजे चित्रचौकटीतील ती लहान जागा, जिच्यातील वस्तू सुस्पष्ट दिसावी म्हणून कॅमेरा भिंग आपोआप पुढे-मागे सरकवतो. १९८५ साली आलेल्या मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्यात मध्यभागी असे एकच क्षेत्र होते. २००७ च्या निकॉन डी ३०० मध्ये ५१ बिंदू होते, तर पुढील काळातील मिररलेस कॅमेऱ्यांत ही संख्या शेकड्यांवर गेली. तथापि, निवड पूर्णपणे कॅमेऱ्यावर सोपविल्यास तो सहसा जवळची किंवा ठळक कडा असलेली वस्तू निवडतो. छायाचित्रकाराला काय अभिप्रेत आहे, हे त्याला ठाऊक नसते.

आरतीच्या वेळी एकच बिंदू निवडून तो अर्चकाच्या चेहऱ्यावर ठेवावा. धूर आडवा आल्यास त्याच अंतरावरील पितळी दीपपात्राची कडा उपयोगी पडते. मिररलेस कॅमेऱ्यात चेहरा अथवा डोळा ओळखण्याची सोय असल्यास ती वापरावी. मात्र गर्दीत तिने भलताच चेहरा निवडलेला नाही, याची खात्री करून घ्यावी.

येथील घाट पूर्वाभिमुख असल्याने सकाळचे कोवळे ऊन थेट पायऱ्यांवर पडते. परंतु धुके, आकाश किंवा संथ पाणी यांवर बिंदू ठेवल्यास पुरेसा उठाव न मिळाल्याने भिंग पुढे-मागे फिरतच राहते. अशा वेळी नावेची कड किंवा अहिल्याबाई घाटावरील वास्तूचा कोपरा निवडावा. चालत्या नावेसाठी अनेक बिंदूंचा लहान गट आणि अखंड फोकस अधिक सोयीचा ठरतो.

एसएलआर कॅमेऱ्यांत मधला बिंदू बहुधा सर्वाधिक संवेदनशील असल्याने मंद प्रकाशात तो विश्वसनीय असतो. मात्र त्याने फोकस करून नंतर चौकट बदलल्यास, जवळच्या व्यक्तीच्या छायाचित्रात डोळे किंचित धूसर होऊ शकतात. म्हणून चौकट आधी ठरवावी आणि डोळ्याजवळचा बिंदू निवडावा. आरतीतील तो क्षण त्या सायंकाळी पुन्हा येत नाही. त्यामुळे ही निवड आरती सुरू होण्यापूर्वीच करून ठेवणे श्रेयस्कर.