ओकुरा हॉटेलची लॉबी

ओकुरा हॉटेलची लॉबी : जपानची राजधानी टोकियो येथील तोरानोमोन भागातील ओकुरा हॉटेलचा मुख्य स्वागतकक्ष. लॉबी म्हणजे हॉटेलच्या प्रवेशद्वारालगत पाहुण्यांचे स्वागत, प्रतीक्षा व भेटीगाठी यांसाठी राखलेले प्रशस्त दालन होय. वास्तुविशारद योशिरो तानिगुची (१९०४–७९) यांनी रचलेले हे दालन १९६२ मध्ये खुले झाले आणि पुढे जपानी आधुनिकतावादी अंतर्गत रचनेचा उत्कृष्ट नमुना म्हणून ख्यातनाम झाले.

हॉटेलचे संस्थापक किशिचिरो ओकुरा यांच्याकडे पूर्वी टोकियोतील इम्पीरियल हॉटेलची सूत्रे होती. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर झायबात्सूंची, म्हणजे बड्या उद्योगघराण्यांची, सत्ता मोडण्यात आली, तेव्हा ती त्यांच्या हातून गेली. त्यानंतर १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर उभारलेल्या या नव्या हॉटेलात पाश्चात्त्य धर्तीच्या नकलेऐवजी जपानी अभिरुची दिसावी, असा त्यांचा आग्रह होता. वास्तुकलेतील आधुनिकतावाद वरवरच्या अलंकरणाला फाटा देऊन सरळ रेषा, मोकळे अवकाश आणि साहित्याचे मूळ रूप यांवर भर देतो. जपानी गृहरचनेतही हे गुण पूर्वापार असल्यामुळे तानिगुचींना दोन परंपरांची मोट बांधावी लागली नाही. त्यांनी जपानी आकृतिबंध भूमितीच्या शिस्तीत बसवून तेच रचनेचा भाग केले.

प्रवेशाकडून काही पायऱ्या उतरून बैठकीच्या भागात यावे लागे. तेथे लाखेचा लेप दिलेल्या गोल मेजाभोवती पाच खुर्च्या अशा मांडलेल्या असत, की वरच्या सज्जातून पाहता मेज हा परागकोश व खुर्च्या या पाकळ्या होऊन प्लमचे फूल साकार होई. छतापासून लोंबणारे ‘ओकुरा कंदील’ प्राचीन कोफुन काळातील थडग्यांत सापडणाऱ्या पैलूदार मण्यांच्या आकारावरून घडवले होते आणि ते एकाखाली एक ओवल्यामुळे प्रकाशाच्या माळा भासत. खिडक्यांवरील शोजी, म्हणजे लाकडी चौकटीत कागद ताणून केलेले पडदे, उन्हाची तिरीप अडवून प्रकाश मंद व सारखा पसरवीत. तर लाकडी जाळीकामात आसानोहा, म्हणजे भांगेच्या पानावरून घेतलेली तारकाकृती, वापरली होती. भिंतीवरील चौपाकळी फुलांचे रेशमी वस्त्र कुंभकार केनकिची तोमिमोतो यांच्या आकृतिबंधावर आधारलेले होते. जगातील प्रमुख शहरांच्या वेळा दाखवणारा प्रकाशित नकाशा मात्र आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या नव्या युगाचा निदर्शक होता.

२०२० च्या नियोजित ऑलिंपिकपूर्वी हॉटेलची पुनर्बांधणी करण्याचे ठरल्यावर देशोदेशींच्या वास्तुप्रेमींनी विरोध नोंदवला. तथापि ऑगस्ट २०१५ अखेर मुख्य इमारत बंद करण्यात आली व नंतर पाडली गेली. नव्या संकुलातील लॉबीची जबाबदारी तानिगुचींचे पुत्र योशिओ तानिगुची यांच्याकडे आली. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टचा २००४ मधील विस्तार ही त्यांची सर्वपरिचित कृती होय. त्यांनी मूळ दालनाची प्रमाणे, सज्जा, कंदील, शोजी व बैठकीची मांडणी पुन्हा उभी केली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये हॉटेल पुन्हा सुरू झाले. मूळ वास्तूचे ऐतिहासिक अस्सलपण या पुनर्निर्मितीला देता येत नाही. परंतु या लॉबीचे सौंदर्य प्रामुख्याने प्रमाणबद्धता, प्रकाश आणि मांडणी यांवर उभे असल्यामुळे ते नव्या इमारतीतही बऱ्याच अंशी टिकून राहिले आहे.