‘साइडचे’ विषय कुणासाठी साइडचे?

गेल्या उन्हाळ्यात वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही नववी-दहावीच्या मुलांना विचारले, शाळेतला कोणता तास चुकवावासा वाटत नाही? गणित, विज्ञान अशी उत्तरे येतील असे धरून चाललो होतो. आठवीपर्यंत आरटीईतून मोठ्या शाळेत शिकलेली एक मुलगी म्हणाली, जर्मन. दुसरी म्हणाली आरोग्याचा तास, कारण पाळीबद्दल पहिल्यांदा कुणी नीट बोलले ते तिथेच. वाचताना ज्याची अक्षरे उलटसुलट होतात असा एक मुलगा खाली मान घालून म्हणाला, विशेष शिक्षिका मॅडम येतात तो तास. शेजारी बसलेले आमचेच एक जुने कार्यकर्ते म्हणाले, “अरे, हे साइडचे विषय झाले. मेन विषयांचं बोला.”

तो शब्द आम्हाला बोचला. साइडचे कोणते आणि मेन कोणते हे ठरवले कुणी?

भाषेपासून सुरुवात करू. रामजी सुभेदारांची फार इच्छा होती की मुलांनी संस्कृत शिकावे. थोरला मुलगा इंग्रजी चौथीत गेला तेव्हा संस्कृतच्या शिक्षकाने सांगितले, अस्पृश्यांना मी शिकवणार नाही. शाळा सरकारी कायद्याने चालत होती, पण वर्गाच्या दारात मनू उभा होता. दोघा भावांना नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. भीमरावांनी 1907 साली मॅट्रिक दिली ती दुसरी भाषा फारसी घेऊनच. एकूण गुण 750 पैकी 282. आज हा आकडा वाचून नाक मुरडणारे भेटतात. परळच्या चाळीतल्या एका खोलीत तो अभ्यास झाला, एवढेच त्यांना सांगावे.

म्हणजे परकी भाषा ही बाबासाहेबांची आवड नव्हती. ‘आपली’ म्हणवणारी भाषा बंद होती म्हणून परकी उघडी राहिली. खरी गोष्ट इथून पुढे आहे. 1946 साली ‘हू वेअर द शूद्राज?’ प्रसिद्ध झाले. संस्कृत येत नसताना हा माणूस वेदांवर कसा लिहितो, हा आक्षेप येणार हे बाबासाहेबांना ठाऊक होते. म्हणून प्रस्तावनेतच त्यांनी त्याला उत्तर दिले: संस्कृतचा आपण पंडित नाही हे खरे, पण ते साहित्य इंग्रजीत आहे आणि पंधरा वर्षे आपण त्याचा अभ्यास केला आहे. आधी दार लावायचे, मग बाहेर का उभा आहेस म्हणून विचारायचे, ही रीत आपल्याला नवी नाही. दरम्यान त्यांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृत मिळवली होती, आणि लंडनहून जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाला चक्क जर्मन भाषेत अर्ज लिहिला होता. 1949 साली संस्कृत राजभाषा व्हावी या दुरुस्तीला त्यांनी पाठिंबा दिला, हे आपल्यातल्या काहींना अडचणीचे वाटते. आम्हाला वाटत नाही. त्यांचे भांडण कुलपाशी होते, भाषेशी नव्हते. जर्मनच्या तासाला ती मुलगी का खूश असते? त्या वर्गात सगळेच पहिल्या अक्षरापासून सुरू करतात. कुणाच्या घरी आजोबांपासून जर्मन नसते, आणि उच्चारावरून तिथे कुणी कुणाची जात ओळखत नाही.

आता आरोग्य. शाळेत हा तास वेळापत्रकात असतो आणि परीक्षा जवळ आली की गणिताचे सर तो घेऊन टाकतात. जोतीरावांनी मात्र 1882 साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना मोडी, बालबोध, हिशेब, शेती यांच्या बरोबरीने आरोग्याचे धडे मागितले होते. बाबासाहेबांच्या शाळेत तहान लागली तर शिक्षकाची परवानगी लागे, आणि नळाची तोटी शिपायानेच उघडावी लागे. शिपाई नाही तर पाणी नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हे आहे. त्याच पुस्तकात काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे 1929 मधले पत्र आहे. बाळंत बायको तापाने फणफणलेली. डॉक्टर मोठ्या मिनतवारीने आला, पण बाईला वस्तीबाहेर आणवून. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला, आणि त्याच वाटेने तो परत आला. दिव्याच्या उजेडात डॉक्टरने पारा पाहिला, नाडीला हात लावला नाही. बाई गेली. नवरा शिकवून पोट भरणारा माणूस, तरी त्या रात्री त्याच्या शिक्षणाचा काही उपयोग झाला नाही. 4 ऑगस्ट 1923 च्या बोले ठरावात विहिरी आणि शाळांच्या यादीत सरकारी दवाखानेही होते, तरीही सहा वर्षांनी हे घडले.

विशेष शिक्षणाबद्दल बोलताना जपून बोलावे लागते, कारण ‘विशेष’ या शब्दाने आपल्याला पोळले आहे. जोतीरावांनीच त्या निवेदनात लिहिले आहे की महार-मांगांच्या मुलांना इतरांशेजारी बसू देत नाहीत म्हणून सरकारने खास शाळा काढल्या, आणि पुण्यासारख्या शहरात अशी एकच शाळा, पटावर तिसाच्या आत मुले. बाबासाहेबांचे गोणपाटही ‘वेगळे’ होते. रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. त्याला शाळा झाडणारा गडीही हात लावत नसे. म्हणून विशेष वर्ग म्हटले की आपल्या आयाबायांच्या पोटात गोळा येतो. पोराला पुन्हा कोपऱ्यात बसवणार का?

पण अभ्यासिकेतल्या त्या मुलाने जे सांगितले ते कोपऱ्याच्या उलट आहे. त्याच्या मॅडम त्याला वर्गाबाहेर काढत नाहीत, त्याच्या बाकावर येऊन बसतात. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सहा ते अठरा वयाच्या, किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देतो. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा आणि त्यावरच्या वर्गांना पंधरा अशा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले. आपल्या मोर्च्यांच्या मागणीपत्रांत शिष्यवृत्ती असते, वसतिगृह असते, असायलाच हवे. हे प्रमाण आम्हाला एकाही मागणीपत्रात दिसलेले नाही, आम्ही स्वतः लिहिलेल्यांतही नाही.

यंदा जूनमध्ये शाळा उघडल्या की आम्ही वस्तीतल्या तिन्ही शाळांत अर्ज देणार आहोत. विशेष शिक्षक किती आणि कोणत्या वारी येतात? गेल्या वर्षी आरोग्याचे किती तास प्रत्यक्षात झाले? आठवीत संस्कृत किंवा परकी भाषा निवडता येते का, की शिक्षक नाही म्हणून सगळ्यांना एकच अर्ज भरून घेतला जातो? अर्जाचा नमुना तयार आहे, हवा असेल त्याने मागून घ्यावा. जय भीम.