सौदा संगणकाचा

देवस्थानाच्या समितीपुढे नव्या संगणकाच्या खरेदीचा विषय आला, म्हणजे सभासदांच्या हाती दोन-तीन दरपत्रके येतात आणि चर्चा सर्वांत खालच्या आकड्यापाशी थांबते. पैसा देवाचा, तो जपून खर्चावा हे योग्यच. तथापि ज्या यंत्रासमोर कारकुनाला रोज बसावयाचे, ते त्याला चालविता येईल काय, हे बहुधा कोणी विचारीत नाही. हा विसर आजचा नव्हे. घरगुती संगणकाचा बराचसा इतिहास याच ओढाताणीतून घडला आहे, म्हणून तो थोडा उलगडून पाहावा असे आम्हांस वाटते.

१९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘आल्टेअर ८८००’ नावाची एक पेटी झळकली. न्यू मेक्सिकोतील एका लहानशा कंपनीने ती सुट्या भागांच्या रूपाने ४०० डॉलर्सच्या आत देऊ केली होती. तोवर संगणक म्हणजे सरकारने वा विद्यापीठाने बाळगावयाची वस्तू. तेव्हा हौशी लोकांच्या तिच्यावर उड्या पडल्या यात नवल नाही. परंतु पेटीला ना कळफलक, ना पडदा! भाग घरीच डाख देऊन जोडावयाचे, पुढच्या फळीवरचे खटके एकेक वरखाली करून आज्ञा भरावयाच्या आणि उत्तर लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून ताडावयाचे. मूळची स्मृती अवघी २५६ बाइट्स. म्हणजे या परिच्छेदाचा निम्मा भागही तीत मावला नसता. स्वस्ताई होती, पण ती ज्याला यंत्रविद्येचे वेड आहे त्याच्यापुरतीच.

दोनच वर्षांनी, १९७७ साली, आयती जोडलेली यंत्रे बाजारात आली. रेडिओ शॅकच्या दुकानांतील ‘टीआरएस-८०’ पडद्यासह ६०० डॉलर्सला मिळे. ‘ॲपल टू’ घ्यावयाचा तर १,२९८ डॉलर्स मोजावे लागत, आणि त्यात पडदा नसे. साध्या गिऱ्हाइकाने कोणता घ्यावा हे सांगावयास नको. परंतु १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी ‘व्हिजिकॅल्क’ नावाची आज्ञावली विक्रीस आणली. खतावणीच्या आखलेल्या पानासारखा तक्ता पडद्यावर दिसे; त्यातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या बेरजा आपोआप बदलत. ती प्रारंभी फक्त ‘ॲपल टू’वरच चाले. मग काय, शंभर डॉलर्सच्या आसपासच्या आज्ञावलीसाठी व्यापारी लोक तिच्या कित्येक पट मोलाचे यंत्र घेऊ लागले. ज्याने रात्री जागून ताळेबंद जुळविला आहे, त्याला हा व्यवहार वेडेपणाचा वाटणार नाही.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला संगणक १,५६५ डॉलर्सला जाहीर केला. या किमतीत पडदा नव्हता आणि तबकडीचा चालकही नव्हता. जाहिरातीतला आकडा अटींसह वाचावा, ही आम्हां वकिलांची खोड येथे उपयोगी पडते.

सुलभतेचा मार्ग दुसरीकडून येत होता. झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी पडद्यावर चित्रे मांडून, हातातील ‘माऊस’ने त्यांकडे बोट दाखविण्याची पद्धत सिद्ध केली होती, पण १९८१ चे त्यांचे ‘स्टार’ यंत्र १६,००० डॉलर्सच्या वर गेले. ॲपलने १९८३ मध्ये ‘लिसा’ आणली. किंमत ९,९९५ डॉलर्स. वापरावयास सोपी, घ्यावयास अशक्य. पुढील जानेवारीत ‘मॅकिंटॉश’ आला तो २,४९५ डॉलर्सला. या यंत्राची मूळ कल्पना जेफ रास्किन यांची, आणि ती सामान्य माणसाला परवडणाऱ्या स्वस्त यंत्राची होती. ती वाढत वाढत येथवर आली. आज्ञा पाठ न करता त्यावर काम करता येई हे खरे, पण स्मृती १२८ किलोबाइट्स आणि तबकडीचा चालक एकच. त्यामुळे तबकड्या पुनःपुन्हा काढून घालण्यातच वापरणारा मेटाकुटीस येई. सुलभता दाखविण्यासाठीही यंत्राच्या अंगात बळ लागते आणि बळाला पैसा लागतो. इकडे आयबीएमच्या धर्तीची यंत्रे अनेकांनी स्वस्तात बनविली. १९९० च्या ‘विंडोज ३.०’ने त्यांच्यावरही चित्रमय पडदा आणला, आणि बहुसंख्य गिऱ्हाइकांनी ‘बऱ्यापैकी सोपे व पुष्कळ स्वस्त’ हाच पक्ष स्वीकारला.

आम्हां मराठी व कोंकणी लोकांस या सौद्यात एक तिसरे कलम वाढले, ते लिपीचे. कानपूरच्या आयआयटीत उगम पावलेले व पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले ‘जिस्ट’ कार्ड यंत्रात बसविले म्हणजे देवनागरी उमटे. मात्र त्याचे मोल वेगळे द्यावे लागे. अक्षरांच्या संकेतांचे भारतीय मानक १९९१ साली ठरले, तरी अक्षरसंच विकणाऱ्या अनेकांनी आपापले संकेत चालूच ठेवले. एकाच्या संचात लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या संचात उघडला की नुसती अक्षरांची खिचडी.

आमच्या परिचयाच्या एका देवस्थानात १९९८ च्या सुमारास महाजनांची नामावली अशाच एका स्वस्त संचात टंकित झाली. तो संच चालण्यासाठी यंत्राच्या पाठीमागे विक्रेत्याची एक किल्लीवजा खुंटी लावावी लागे. पुढे यंत्र मोडले, खुंटी हरवली, विक्रेत्याने धंदा गुंडाळला. काही वर्षांनी मतदानाच्या हक्कावरून तंटा उभा राहिला आणि ती नामावली हजर करण्याचे काम आमच्याकडे आले. तबकडी हाती होती, वाचता एक नाव येईना. शेवटी कोठीतल्या पेटीतून कसर लागलेली हस्तलिखित चोपडी काढली व तिच्यावर काम भागविले. पण १९९८ नंतर ज्यांची नावे केवळ यंत्रातच चढली होती, त्या घरांना आपला हक्क सिद्ध करण्यासाठी जन्मदाखले गोळा करीत हिंडावे लागले. त्यांतील एक वृद्ध गृहस्थ निकाल लागण्यापूर्वीच वारले.

त्या समितीने पुढचा संगणक घेतला तेव्हा दरपत्रके उघडण्याआधी कारकुनाला दुकानात नेले. त्याने युनिकोड देवनागरीत स्वतःचे नाव लिहिले, ते दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिले, आणि मगच किंमत विचारली.