शेवटचे चार हात

पिंपळगाव रेणुकाई हे भोकरदन तालुक्यातले गाव जालना जिल्ह्यात मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. तिथे आमची मावशी राहते. गेल्या दिवाळीत तिच्याकडे जाताना आम्ही दोन बिनतारी स्पीकर बरोबर नेले. टेबलावर संगणकाशेजारी शोभून दिसावेत असे नारळाएवढे गोलसर, वरून कापडाची जाळी लावलेले. समोरच्या खोलीतल्या कोनाड्यात ते ठेवले आणि मोबाईलवर एक कीर्तन लावले. मावशीचा नातू पाचवीत आहे. त्याने कोनाड्यात हात घालून चाचपून पाहिले आणि विचारले, "काका, ह्याची तार कुठंय?" खोलीच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर बसलेल्या मावशीची तक्रार वेगळी होती. "आवाज लई येतोय रे बाबा, पण बोलणं काही कळंना."

नातवाला उत्तर देणे सोपे वाटले, पण तार एकदम गेलेली नाही. ती तीन हप्त्यांत गेली आणि त्याला शंभराहून अधिक वर्षे लागली.

पहिली तार बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातली. १८९५ साली आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात जाहीर प्रयोग करून दाखवला. विद्युतचुंबकीय तरंग भिंतीपलीकडे पाठवून त्यांनी तिथली घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. त्यांनी वापरलेल्या तरंगांची लांबी काही मिलिमीटर इतकीच होती. पुढे असे तरंग ओळखण्यासाठी त्यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला. त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. सुरुवातीचे अनेक रेडिओ संच अशा स्फटिकावरच चालत. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले आणि आपल्याकडे नियमित प्रसारण आले.

परंतु स्फटिकाच्या संचातून निघणारी शक्ती इतकी क्षीण असे, की कानाला श्रवणी लावूनच ऐकावे लागे. एका संचावर एकच माणूस ऐकणार! घरातल्या सर्वांना ऐकू जायचे तर हवा हलवणारे काहीतरी हवे होते. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे टांगायचे, त्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडायचा म्हणजे वेटोळे पुढे-मागे हलते, ही कल्पना ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये मांडली होती. तेव्हा तिला पुरेसा प्रवाह देणारा वर्धक नव्हता. निर्वात नळ्यांचे वर्धक आल्यावर १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी असे वेटोळे कागदी शंकूला जोडून आजच्या पद्धतीचा स्पीकर बनवला. मावशीच्या कोनाड्यातल्या स्पीकरची जाळी काढली तर आत दिसेल तो मुळात हाच शंकू. रंग, आकार, कापड बदलले. वेटोळे, चुंबक आणि शंकू तेच राहिले.

त्या काळी रेडिओ घरात ठेवायलाही परवाना लागे. १९३३ च्या कायद्याने विनापरवाना संच बाळगणे हा गुन्हा होता. पोस्टात जाऊन वर्षाची फी भरल्याचे अनेक वाचकांना आठवत असेल. ही पद्धत १९८० च्या दशकात संपली.

दुसरी तार विजेची. वीज नसलेल्या गावांत जड बॅटऱ्यांवर चालणारा एखादाच संच असायचा आणि तो सार्वजनिक असायचा. १९५६ साली, फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत एक प्रयोग केला. १५० गावांत श्रोतेमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा गावकरी संचाभोवती जमत, शेतीवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी पाहणी केली, तेव्हा मंडळे असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत स्पष्ट भर पडलेली आढळली. पिंपळगावासारख्या गावांचा या प्रयोगात समावेश असणे शक्य नव्हते, कारण मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. तो मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. इकडे रेडिओ घरोघर गेला तो ट्रान्झिस्टरमुळे. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या या छोट्या वस्तूमुळे टॉर्चच्या सेलवर संच चालू लागला आणि तो खांद्याला अडकवून शेतात नेता येऊ लागला.

तिसरी तार संच आणि स्पीकर यांच्यातली, जेमतेम चार हातांची. ती काढण्याचे काम स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास सुरू झाले. त्यातून ब्लूटूथ निघाले. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा ७९ भागांत वाटायचा आणि सेकंदाला १६०० वेळा एका भागातून दुसऱ्यात उडी मारायची, अशी ही पद्धत आहे. एखाद्या भागात गडबड असली तरी बाकीचे भाग मोकळे सापडतात. भारतात हा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. जिथे ऐकायलाही परवाना लागत होता, तिथे आज नातवाच्या हातातला डबा परवान्याविना लहरी घेतो आणि पाठवतोही!

या लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. आम्ही मोबाईल घेऊन जुन्या माजघरात गेलो, तर मधल्या दोन हात जाडीच्या मातीच्या भिंतीमुळे कीर्तन तुटक येऊ लागले. दुसरा प्रयोग वर्गातही करता येईल. हा आवाज स्पीकरपर्यंत यायला अनेकदा ०.१ ते ०.२ सेकंद उशीर होतो. मोबाईलवर टाळ्यांची चित्रफीत लावा. हात आधी मिळताना दिसतात, आवाज मागून येतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर ०.१ सेकंदाचा उशीर म्हणजे ३४ मीटर दूर उभे राहून ऐकण्यासारखे झाले.

नातवाचे समाधान झाले. मावशीचा प्रश्न राहिला. आम्ही आवाज वाढवला, तर ती म्हणाली, "आता तर अजूनच कालवा झाला."

तीन तारा गेल्यावरही शंकूपासून कानापर्यंतचा टप्पा उरतोच, आणि तिथे १९२५ चेच नियम लागू आहेत. लहान शंकूला खर्जाचा आवाज काढणे जड जाते. तितक्याच जोराचा आवाज निम्म्या कंप्रतेला हवा असेल, तर शंकू चौपट हलावा लागतो. म्हणून संबळाचा खालचा बोल अशा डब्यातून नीट उमटत नाही. त्याची भरपाई म्हणून त्याच्या जरा वरचा पट्टा बहुधा मुद्दाम उचललेला असतो. कोनाड्यात ठेवले की तो आणखी फुगतो. शब्द ओळखू येतात ते मात्र क, च, त, स अशा व्यंजनांवरून, आणि त्यांची ओळख पटवणारी ऊर्जा बव्हंशी २००० हर्ट्झच्या वर असते. वयपरत्वे ऐकणे आधी तिथेच कमी होते. भरीला सिमेंटची खोली आणि टाइलची फरशी यांचे प्रतिध्वनी. आवाज वाढवला की स्पीकरबरोबर प्रतिध्वनीही वाढतो.

आम्ही एक स्पीकर बंद केला. दुसरा कोनाड्यातून काढून बाजेशेजारच्या स्टुलावर, मावशीच्या कानाच्या उंचीला ठेवला. अंतर बारा हातांवरून दोन हातांवर आले, म्हणजे सहापट कमी झाले. वर्गाच्या व्यस्त प्रमाणाच्या नियमाने तिच्याकडे थेट येणारा ध्वनी ३६ पट झाला. प्रतिध्वनी होता तेवढाच राहिला. मोबाईलमध्ये खर्ज कमी केला आणि एकूण आवाजही निम्म्यावर आणला.

थोड्या वेळाने कीर्तनकारांनी विनोद केला आणि मावशी हसली. नातू तेव्हा अंगणात होता. तो आत येऊन विचारू लागला, आणि तो विनोद तिने त्याला शब्दाशब्दाने सांगितला.

शिक्षकांनी वर्गासाठी असा स्पीकर घेतला, तर तो मेजावर शोभेला ठेवू नये. आवाज वाढवण्याआधी तो मुलांमध्ये, मागच्या बाकाच्या जवळ नेऊन ठेवावा आणि शेवटच्या मुलाला ऐकलेले वाक्य परत म्हणायला सांगावे. ते त्याला म्हणता आले, तरच जागा बरोबर आहे.