सात पोपट आणि एक टोपली

जॉन जेम्स ऑड्युबॉन या अमेरिकन चित्रकाराने १८२५ साली रंगविलेल्या ‘कॅरोलिना पोपट’ या चित्रात सात पक्षी आहेत. हिरवे अंग, पिवळी डोकी, चोचीभोवती नारिंगी छटा. शरदात पिकणाऱ्या काटेरी फळांच्या रानझुडपावर ते दाटीने बसले आहेत.

चित्रातले हे चैतन्य मृत देहांतून उभे राहिले आहे. ऑड्युबॉन पक्षी मारून, तारांच्या आधाराने त्यांना जिवंतपणीच्या ठेवणीत बसवून चित्रे काढीत असे. त्यानेच १८३१ मध्ये लिहून ठेवले आहे, की एक पोपट पडला की बाकीचा थवा त्याच्यावर घिरट्या घालीत परत तिथेच येऊन बसतो. त्यामुळे चित्रासाठी चांगले नमुने निवडायला थोड्याच बारांत टोपलीभर पक्षी मिळाले. फळबागा आणि पिके नासतात म्हणून शेतकरीही त्यांना मारीत. त्यांची संख्या झपाट्याने घटत आहे, हेही त्याने तेव्हाच नोंदविले होते.

या जातीचा बंदिवासातील शेवटचा ज्ञात पक्षी २१ फेब्रुवारी १९१८ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

एकमेकांना बिलगून राहण्याची जी वृत्ती ऑड्युबॉनने रंगविली, तिनेच या पक्ष्यांचा घात केला. त्याचे गद्य बाजूला ठेवून नुसते चित्र पाहणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.