‘ध’चा ‘मा’ आणि शिक्कामोर्तब

पत्रव्यवहारातून आलेले दोन शब्दप्रयोग मराठी माणूस आजही रोज वापरतो. फसवणूक झाली की ‘ध’चा ‘मा’ केला असे म्हणतो आणि एखादी गोष्ट पक्की झाली की तिच्यावर शिक्कामोर्तब झाले असे म्हणतो. पहिला प्रयोग 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी, हुकुमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ केल्याच्या कथेशी जोडलेला आहे, तर दुसरा त्याहून जुन्या दफ्तरी शिस्तीतून आला आहे. एक रोगाचे नाव आहे आणि दुसरे औषधाचे. पत्रातला मजकूर लपवणे आणि पत्र अस्सल आहे याची खात्री देणे ही दोन वेगळी कामे आहेत. मराठी दफ्तराने ती वेगळी ओळखली आणि दुसऱ्या कामाला अधिक जपले. संगणकांच्या गूढलेखनशास्त्राला हाच धडा एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ठेच लागल्यावर गिरवावा लागला. या लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे.

या शिस्तीची गरज कोकणातल्या मिठबावच्या किनाऱ्यावरून विचार केला तर लगेच पटते. उत्तरेला विजयदुर्ग, दक्षिणेला मालवणचा सिंधुदुर्ग. मधे आचरा, मिठबाव, कुणकेश्वर, देवगड ही गावे आणि वाट अडवणाऱ्या खाड्या. सिंधुदुर्गाचा पाया 25 नोव्हेंबर 1664 रोजी घातला गेला आणि त्यानंतर या पट्ट्यातले मोठे निर्णय घाटावरून येणाऱ्या कागदांवर होऊ लागले. समुद्रातल्या किल्ल्यावर बसलेल्या हवालदाराला राजाचा चेहरा दिसत नसे, आवाज ऐकू येत नसे. जासुदाने आणून दिलेला कागद तेवढा हातात पडे. गलबत सोडायचे की अडवायचे, किल्ला कोणाच्या हवाली करायचा, हे त्या कागदावरून ठरवायचे. वाटेत कोणी तो वाचला तर नुकसान होईच, पण कोणी तो बदलला तर किल्लाच हातचा जाई.

म्हणून असे पत्र जवळून पाहण्यासारखे आहे. माथ्यावर श्रीकार आणि मुख्य शिक्का. खाली मोडीचा मजकूर, आधी आखलेल्या आडव्या रेघेला लटकलेला, शब्दांमध्ये जागा न सोडता बोरूने सलग ओढलेला. मजकूर संपला की शेवटच्या अक्षराला लागून मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे आहेत. लेखनाची मर्यादा इथे संपली, यापुढे जे असेल ते आमचे नव्हे, असा त्याचा अर्थ. माथ्यावरचा शिक्का पत्र कोणाचे ते सांगतो, मोर्तब ते कुठे संपले ते सांगते आणि दोहोंच्या मधे जे आहे तेवढ्याचीच जबाबदारी धनी घेतो. त्याआधी तपासणीही होई. राज्याभिषेकाच्या वेळी ठरलेल्या अष्टप्रधानांच्या कामांत सचिवाचे काम राजपत्रे तपासून अधिक-उणे अक्षर शुद्ध करण्याचे होते. एका अक्षराची चूक किंवा लबाडी राज्याला महाग पडू शकते, हे जाणूनच एक प्रधान त्या कामावर नेमलेला होता.

गुप्ततेची व्यवस्था मात्र निराळी होती. फार नाजूक मजकूर कागदावर येतच नसे. पत्र घेऊन येणारा विश्वासू माणूस तोंडी सांगेल, एवढेच पत्रात लिहीत. सावकारांनी आपली सांकेतिक बोली बनवली होती. पानिपतचा निकाल कळवणाऱ्या 1761 सालच्या प्रसिद्ध सावकारी पत्रात मेलेल्या सरदारांची नावे नाहीत. दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि न मोजता येणारा खुर्दा अशा सराफी हिशेबात तो संहार सांगितला आहे. त्या संकेताने अर्थ झाकला, पण पत्र खरे असल्याची हमी त्यातून मिळत नव्हती. मोती दोनाऐवजी तीन लिहिले असते, तर वाचणाऱ्याला तेही तितकेच खरे वाटले असते.

आजच्या भाषेत ही उणीव स्ट्रीम सायफरची आहे. त्याची रीत सोपी आहे. दोघांकडे असलेल्या गुप्त किल्लीतून शून्य आणि एक यांचा लांबलचक, यादृच्छिक भासणारा प्रवाह तयार करायचा आणि मजकुराच्या प्रत्येक बिटाशी त्यातला एकेक बिट जुळवायचा. प्रवाहात एक आला तर मजकुराचा बिट उलटतो, शून्य आला तर तसाच राहतो. पलीकडचा माणूस तोच प्रवाह पुन्हा लावतो आणि मजकूर उलगडतो. यावर स्वाभाविक आक्षेप असा की, ज्याला पत्र वाचताच येत नाही तो ते बदलणार कसे? त्याचे उत्तर आपल्याच लिपीत आहे. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत ‘ध’ आणि ‘म’ ही अक्षरे प्रत्येकी तीन बाइटांची. पहिले दोन बाइट सारखे आणि तिसऱ्यात फक्त दोन बिटांचा फरक. हुकुमात अमुक जागी ‘धरावे’ हा शब्द असणार, एवढा अंदाज असलेल्या माणसाने गूढ मजकुरातले नेमके ते दोन बिट उलटले, तर पलीकडे ‘मरावे’ उमटते. किल्ली फोडावी लागत नाही, उरलेले पत्र वाचावे लागत नाही, काना जोडण्याचेही कष्ट पडत नाहीत.

हा धोका कागदावरचा नव्हता. 1997 साली आलेल्या बिनतारी जाळ्याच्या मानकातल्या वेप पद्धतीत आरसी4 हा स्ट्रीम सायफर होता आणि मजकूर शाबूत आहे का हे पाहण्यासाठी सीआरसी-32 ही बेरीज होती. प्रसारणातले अपघाती बिघाड शोधायला ती चांगली, पण तिला किल्ली नाही. मजकुराचा कोणता बिट उलटला की बेरजेचे कोणते बिट उलटायचे, हे कोणालाही काढता येते. बोरिसोव्ह, गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी 2001 मध्ये हे दाखवून दिले. तिथे मोर्तबासारखे काहीतरी उमटवलेले होते, पण तो ठसा बाजारात कोणालाही मिळत होता. खरा मेसेज ऑथेंटिकेशन कोड, म्हणजे मॅक, गुप्त किल्ली आणि मजकुराचा प्रत्येक बिट या दोहोंतून निघतो. गूढलेखनतज्ज्ञ बर्नस्टाइन यांच्या चाचा20 आणि पॉली1305 यांच्या जोडीत सायफरच्या प्रवाहाचा पहिला तुकडा मजकुरासाठी वापरत नाहीत. त्याचे 32 बाइट त्या एकाच संदेशाच्या मॅकची किल्ली होतात आणि गूढ मजकुरावर 16 बाइटांचे मोर्तब उमटते. पत्र मिळालेल्याने आधी ते मोर्तब तपासायचे आणि जुळले तरच पत्र उलगडायचे.

शिक्का आणि मॅक यांची तुलना ओढूनताणून केलेली आहे, असे कोणी म्हणेल. शिक्का सर्वांना दिसतो, त्याची नक्कल खोदता येते आणि मजकूर बदलला तरी त्याचा आकार बदलत नाही. हे सारे खरे आहे. म्हणूनच दफ्तराने एकट्या ठशावर भिस्त ठेवली नाही. ठशाची जागा, ओळखीचे हस्ताक्षर, ठरलेला मायना आणि सचिवाची नजर यांची त्याला जोड दिली. मॅकने ही कामे एका गणितात आणली आणि शिक्क्यात जी त्रुटी होती ती भरून काढली. साम्य साधनांत नाही, प्रश्न ओळखण्यात आहे. दुसरा आक्षेप इतिहासाचा. राघोबांच्या पत्नी आनंदीबाईंनी अक्षर बदलल्याची गोष्ट आख्यायिका आहे, ते बदललेले पत्र पुराव्यात नाही. तेही मान्य. खून घडला आणि न्यायाधीश रामशास्त्र्यांनी नारायणरावांचे काका राघोबा यांना दोषी धरले, हा इतिहास आहे. अक्षराची कथा सिद्ध झालेली नाही. पण ती महाराष्ट्राला इतकी पटली की वाक्प्रचार होऊन बसली, याचा अर्थ एका अक्षराने माणूस मरू शकतो हे लिहित्या समाजाला पुरते ठाऊक होते.

आज क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीत नुसता सायफर वेगळा मिळतो, नुसता मॅक वेगळा मिळतो आणि दोन्ही एकत्र करणारे फंक्शनही तयार असते. नॅकल (NaCl) या लायब्ररीत त्याचे नाव सिक्रेटबॉक्स आहे. ते घडवणाऱ्यांनी सुटे भाग जोडण्याचे काम वापरणाऱ्याच्या माथी न मारता स्वतः करून ठेवले आहे. आपल्या मराठी मुलामुलींपैकी जे हे काम करतात, त्यांनी तयार फंक्शनच वापरावे, एक नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायचा आकडा, एका किल्लीखाली दोनदा वापरू नये आणि मॅक जुळला नाही तर मजकुराचा एक बाइटही पुढे सोडू नये. मोर्तब नसलेला हुकूम सिंधुदुर्गाच्या दारात खरा धरला जात नव्हता; आपल्या प्रोग्रामनेही तो खरा धरू नये.