वैनगंगेच्या खोऱ्यांतील मालगुजारी तलाव : मातीची पाळ व मालकीचा कागद

ऐतिहासिक कागद म्हटला म्हणजे सनदा, महजर, वतनपत्रें व राजकारणाची पत्रें यांकडे आम्हां संग्राहकांचें लक्ष प्रथम जातें. गांवच्या तलावाचा कागद हातीं आला तर तो बहुधा तसाच रुमालांत परत बांधला जातो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील ज्या तलावांस आज ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात, त्यांच्या बाबतींत ही उपेक्षा महाग पडणारी आहे. त्या तलावांच्या मातीच्या पाळी आजवर टिकल्या त्या मातीच्या गुणानें जितक्या, तितक्याच मालकीच्या व्यवस्थेनें टिकल्या, असें आमचें मत आहे. आणि त्या व्यवस्थेचा पुरावा खासगी दप्तरांत विखुरलेला आहे.

या तलावांची संख्या लहान नाहीं. इ. स. १९११ च्या ब्रिटिश ज्ञानकोशांत एकट्या भंडारा जिल्ह्यांत ३६४८ तलाव दिले असून, या मुलखास ‘नागपूरचा सरोवर-प्रदेश’ म्हटलें आहे. गोंदिया त्या वेळीं भंडाऱ्यांतच होतें; तो जिल्हा १९९९ सालीं वेगळा झाला. तलाव बांधण्याचें श्रेय मुख्यतः कोहळी जातीकडे जातें. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालच्या आपल्या ग्रंथांत या जातीची हीच ओळख दिली आहे. चांद्याच्या एका गोंड राजानें काशीहून परततांना त्यांना बरोबर आणलें, ही दंतकथाही त्यांनीं नोंदली आहे. धान व ऊंस हीं या लोकांचीं पिकें, आणि दोहोंसही पाणी हवें. नवेगांवचा मोठा बांध कोलू पाटील कोहळी यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं घातला असें सांगतात. लोकांनीं पुढें त्यास कोलासुर म्हणून देवत्व दिलें. तलाव बांधणारा देव झाला, पण त्याच्या हिशेबाचे कागद कोणी देव्हाऱ्यांत ठेवले नाहींत.

चांद्याकडील परंपरा इतिहासाच्या दृष्टीनें अधिक मोलाची आहे. मेजर ल्युसी स्मिथ यानें १८६९ सालच्या चांदा जिल्ह्याच्या बंदोबस्ताच्या अहवालांत हीरशहा राजाविषयीं लिहिलें आहे कीं, जो कोणी तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्यानें भिजेल तितकी जमीन राजा माफीनें देई. अशा देणगीस तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरांत तुकूम नांवाची वस्ती आजही आहे. ही गोष्ट तीन शतकांनंतर लिहून घेतलेली परंपरा आहे, हें ध्यानांत ठेवूनच तिचें वजन ठरवावें. परंतु तींतील युक्ति चोख आहे. पाळ फुटली तर जमीन कोरडी, आणि जमीन कोरडी तर देणगी व्यर्थ. पाळीची काळजी घेण्यास याहून चांगला पहारेकरी कोणता राजा नेमणार?

येथें पाळीची घडण थोडी विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण कागदांत काय शोधावयाचें तें त्याशिवाय कळत नाहीं. दोन टेकड्यांमधील किंवा उतारावरील पाणी मातीच्या बांधानें अडवावयाचें, हा मूळ प्रकार. पाणी सोडण्याचें द्वार पाळीच्या पोटांतून काढलेलें असतें. त्यास तिकडे तुडुम म्हणतात. जास्त झालेलें पाणी बाजूच्या सांडव्यानें निघून जावें, अशी योजना असते. मातीच्या पाळीस तीन शत्रू. पहिला झिरपा. पाळीच्या पायथ्याशीं स्वच्छ पाणी पाझरलें तर फारसें भय नाहीं. तें गढूळ येऊं लागलें म्हणजे पाळीच्या पोटांतील माती वाहून चालली असें समजावें. तुडुमाच्या कडेनें ही वाट सर्वांत लवकर पडते. दुसरा शत्रू झाडें व बिळें. पाळीवर वाढलेलें झाड शोभेचें दिसतें, पण तें मेल्यावर त्याचीं मुळें कुजतात आणि पाण्यास आयतें भुयार मिळतें. घुशी व खेकडे तें काम झाडाची वाट न पाहतां करतात. तिसरा व सर्वांत घातक प्रकार म्हणजे पाळीवरून पाणी जाणें. दगडी धरणावरून पाणी गेलें तरी तें कांहीं काळ तग धरूं शकतें. मातीच्या पाळीवरून गेलें तर तिचा खालचा उतार कांतला जाऊन थोड्याच अवधींत भगदाड पडतें. तलाव एकाखालीं एक साखळीनें असले, तर वरच्याचें पाणी खालच्यावर येऊन तीही पाळ जाते.

म्हणून सगळी सुरक्षितता सांडव्याच्या उंबऱ्यावर येऊन ठरते, आणि भांडणेंही तेथेंच. पाळीखालील धानकऱ्यास पाणी अधिक हवें, तो उंबऱ्यावर दगड-माती रचतो. तलावाच्या पोटांत पीक घेणाऱ्यास पाणी कमी हवें, तो उंबरा फोडतो. मासळी वाहून जाऊं नये म्हणून सांडव्यास बांबूचे ताटवे लावले कीं, त्यांत पालापाचोळा अडकून वाट बुजते. पुरेशी वाट मोकळी आहे कीं नाहीं हें पुराच्या रात्रींच कळतें. मूळ उंबरा किती उंच होता, हा प्रश्न अशा वेळीं जितका स्थापत्याचा तितकाच इतिहासाचाही ठरतो.

भोंसल्यांनीं १७५१ सालीं चांदा घेतल्यावर गांवें पाटलांकडे मुदतीच्या पट्ट्यानें राहिलीं. आखूड मुदतीच्या माणसानें दूरच्या नफ्यासाठीं पाळीवर खर्च कां करावा, हा प्रश्न त्या काळच्या जमाखर्चांचा शोध घेणारानें अवश्य मनांत धरावा. नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत बनला, व त्यानंतरच्या बंदोबस्तांत हेच पाटील गांवचे मालक म्हणजे मालगुजार ठरले. तलावही त्यांचे झाले. पुढें १८८१ च्या जमीन-महसूल कायद्याखालीं गांवच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ नामक कागदांत लिहिल्या जाऊं लागल्या, आणि मालगुजाराच्या तलावाचें पाणी घेण्याचे हक्क त्यांत आले. १८८३ च्या कायद्यानें जमीन-सुधारणेसाठीं तगाईची सोय झाली. त्या कर्जांचे अर्ज, जामीनकतबे व मोजणीचीं टिपणें हीं पाळींच्या इतिहासाचीं उत्तम साधनें होत.

मालकी-हक्क रद्द करणारा मध्यप्रदेशचा कायदा १९५० सालीं झाला, व ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. या कायद्याचें पांचवें कलम आम्हांस विशेष विचारणीय वाटतें. ज्या तलावांत मालगुजाराखेरीज दुसऱ्या कोणाचाही सिंचनाचा हक्क नव्हता ते त्याच्याकडेच राहिले. ज्या तलावांचें पोट नांगराखालीं आलें होतें तेही राहिले. वहिवाटीच्या जमिनींतील तलावही मूळ धन्याकडे राहिले. म्हणजे जी पाळ धड होती व गांवचें शेत भिजवीत होती ती सरकारची झाली, आणि जी मोडून तलावाचें शेत झालें होतें ती धन्याची राहिली! पाळीच्या अवस्थेवरून मालकी ठरावी असा हा योग इतिहासांत विरळाच. वाजिब-उल-अर्जांतील एका ओळीवर तलाव इकडचा तिकडे होऊं शकत होता, हें त्या कागदांचा खरेखोटेपणा पारखतांना विसरूं नये.

महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन-महसूल संहितेंतही वाजिब-उल-अर्ज आहे, कलम १६५. पण त्याचे शब्द पाहिले तर, जी जमीन वा पाणी सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीचें वा ताब्यांतील नाहीं, तेथील सिंचनाच्या व मासेमारीच्या वहिवाटीच त्यांत नोंदावयाच्या आहेत. सरकारजमा झालेल्या तलावाची जुनी रीत या नोंदीबाहेर पडली. उलट शेतकऱ्यांच्या खासगी लहान तलावांस, ज्यांना तिकडे बोडी म्हणतात, हें कलम लागूं पडतें. २०२१ चा धरण-सुरक्षा कायदा १५ मीटरांवरील धरणांस, आणि कांहीं अटींवर १० ते १५ मीटरांच्या धरणांस लागूं आहे. बोड्या व बहुतेक लहान पाळी त्याच्या मापांत बसत नाहींत. त्यांचा निरीक्षक म्हणजे ज्याचें शेत खालीं आहे तोच.

जुन्या मालगुजार घराण्यांच्या दप्तरांत ज्यांचा प्रवेश आहे त्यांनीं पुढील गोष्टींवर नजर ठेवावी. सांडव्याच्या उंबऱ्याची खूण कोणत्या खडकाशीं, झाडाशीं किंवा देवळाच्या पायरीशीं जोडली आहे. पाळीवर माती टाकण्याची पाळी कोणाकडे व कोणत्या महिन्यांत. तुडुम उघडण्याचा मान कोणाचा व त्याबद्दल त्यास काय मिळे. पाळ फुटल्याची नोंद, तिथीसह. आणि तलावाच्या पोटांतील जमीन प्रथम कोणी व कोणत्या सालीं वाहिली. कागद फारसींत वा मोडींत असो, त्याची नक्कल काढतांना गांवाचें नांव, मौजा व जुना परगणा अवश्य लिहावा, व मूळ कागदाबरोबरचा हातनकाशा, कितीही ओबडधोबड असला तरी, टाकून देऊं नये. नकाशावरची सांडव्याची रेघ बहुधा एकच असते, आणि पुढील लिपिकानें ती गाळलेली असते.